विजेची लहर दाखविणारें यंत्र

नीरा नदीवरील वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेला नीरा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला आणि बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील कोरड्या जमिनीचें रूप त्यानें पालटून टाकलें. कालवा आला कीं मोजपट्टी आली, आणि मोजपट्टी आली कीं पाटकरी आला. फाट्याच्या तोंडाशीं उभी केलेली पट्टी वाचून पाटकरी आपल्या वहींत आंकडा लिहितो आणि आवर्तनांतील कोणाचें पाणी किती हें त्या आंकड्यावर ठरतें. आंकडा चुकला कीं भांडण ठरलेलेंच. परंतु भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आंकडा चुकण्याचीं कारणें तीन असूं शकतात. पाण्यांतच फरक पडला असेल, पट्टी कलली असेल, किंवा वहींत नोंद करण्याची रीत चुकली असेल. या तिहींपैकीं दोष कोठें आहे हें ओळखण्यापूर्वींच जो पट्टी उपटावयास धांवतो, त्याला कोणी शहाणा म्हणत नाहीं.

वाहत्या पाण्याला जशी मोजपट्टी, तशीं वाहत्या विजेला मोजण्याचीं अनेक साधनें आहेत. साधा व्होल्टमीटर विजेचा दाब किती आहे एवढेंच सांगतो. तो दाब क्षणाक्षणाला कसा चढतो आणि कसा उतरतो, याचें चित्र डोळ्यांपुढें उभें करणारें यंत्र निराळें असून त्याचें नांव ऑसिलोस्कोप. त्याच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ सरकतो आणि खालून वर दाब चढतो. घरांतील वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते; म्हणजे एक हेलकावा २० मिलिसेकंदांत पुरा होतो. हें पुस्तकांत वाचणें निराळें आणि पडद्यावर ती डौलदार लहर प्रत्यक्ष पाहणें निराळें.

एके काळीं हें यंत्र मोठ्या प्रयोगशाळांचें भूषण होतें. आतां तें विद्यार्थ्याच्या घरच्या टेबलावर येऊन बसलें आहे. बारामतीस १९७२ सालीं स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठान या संस्थेचें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरला साखरेबरोबर अवजड यंत्रें घडविण्याची परंपरा आहे. आणि दोन्ही तालुक्यांत मळ्यामळ्यावर विजेचा पंप, त्याचा स्टार्टर आणि ठिबक सिंचनाचीं स्वयंचलित यंत्रें आहेत. अशा प्रदेशांत इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या मुलाला ऑसिलोस्कोप हवासा वाटला तर नवल नाहीं. परंतु आजचा ऑसिलोस्कोप आणि त्याच्या आजोबांच्या काळचा ऑसिलोस्कोप यांत एक मोठें अंतर पडलें आहे. जुनें यंत्र बिघडलें तर दोष घडणींत सांपडे. नवें यंत्र बिघडलें तर दोष घडणींत असेल किंवा त्याच्या पोटांत लिहून ठेवलेल्या आज्ञांत असेल. हें अंतर कसें पडलें आणि त्यामुळें यंत्र वापरणाऱ्याचें कर्तव्य कसें बदललें, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१८९७ सालीं, ज्या वर्षीं इंग्लंडांत जे. जे. टॉमसन यांनीं इलेक्ट्रॉनाचें अस्तित्व दाखविलें त्याच वर्षीं, स्ट्रासबर्ग येथें कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें एक कांचेची नळी तयार केली. नळींत इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सोडलेला असे आणि तो समोरच्या चमकत्या पडद्यावर ठिपक्याच्या रूपानें दिसे. नळीशेजारच्या गुंडाळींतून वीज वाहूं लागली कीं झोत वांके आणि ठिपका हाले. लोखंडाचा कांटा जड असतो. वेगानें बदलणाऱ्या विजेच्या मागें तो धांवूं शकत नाहीं. इलेक्ट्रॉनांच्या झोताला मात्र भार जवळ जवळ नाहींच. यंत्राचा कांटा इतका हलका झाल्यामुळें विजेची चपळ हालचाल प्रथमच सहज दिसूं लागली.

तथापि ब्राउनच्या नळींत ठिपका फक्त एकाच दिशेनें वर खालीं होत असे. लहर पसरून पाहण्यासाठीं फिरत्या आरशाचें साहाय्य घ्यावें लागे. १८९९ सालीं त्याचा साहाय्यक योनाथन झेनेक यानें ठिपक्याला काळाच्या दिशेनें सरकविण्याची योजना केली आणि आरशाची गरज संपली. पुढें १९०९ सालीं ब्राउन यांना मार्कोनी यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें बिनतारी संदेशवहनाच्या कार्याबद्दल होतें; परंतु आज घरोघर स्मरण व्हावें तें त्यांच्या नळीचें, कारण दूरचित्रवाणीच्या जुन्या पडद्याची आणि ऑसिलोस्कोपची ती आदिजननी आहे.

यानंतरची मोठी पायरी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. अमेरिकेंतील ओरेगन प्रांतांत हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनीं १९४६ सालीं टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ मध्यें ५११ या क्रमांकाचा ऑसिलोस्कोप बाजारांत आणला. लहर एका ठराविक उंचीला पोंचली कीं त्याच क्षणीं रेषा काढावयास आरंभ करावयाचा, ही त्यांतील महत्त्वाची योजना होय. हिलाच ट्रिगर म्हणतात. ट्रिगर नसेल तर प्रत्येक फेरींत लहर निराळ्या जागेपासून सुरू होते आणि पडद्यावर धांवणारा गोंधळ दिसतो. ट्रिगर नीट लावला कीं तीच लहर चित्रासारखी स्थिर उभी राहते. त्या काळच्या यंत्रांचें आणखी एक वैशिष्ट्य सांगण्यासारखें आहे. यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तकांत सर्किटचा संपूर्ण नकाशा छापलेला असे आणि कोणत्या बिंदूवर किती दाब असावा हेंहि लिहिलेलें असे. ज्याच्या हातीं तें पुस्तक, त्याच्या हातीं दुरुस्ती.

महाराष्ट्रांतहि या यंत्रांची परंपरा उभी राहिली. ठाण्यांत प्रभाकर देवधर यांनीं १९६२ सालीं ॲपलॅब हा कारखाना सुरू केला आणि मोजमापाच्या इतर उपकरणांबरोबर तेथें ऑसिलोस्कोपहि तयार झाले. अशीं देशी बनावटीचीं, हिरव्या रेषेचीं, २० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी दाखविणारीं यंत्रें महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोंचलीं आणि सी. आर. ओ. या तीन अक्षरांनीं विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं त्यांना ओळखलें. त्यांतील रेषा पुसट झाली, वांकडी झाली, मध्येंच हरवली, तर शिक्षक मागचें झांकण काढीत, नकाशा पसरीत आणि दाब मोजीत मोजीत दोषाच्या जागेपर्यंत पोंचत.

आतां मोठें स्थित्यंतर पाहूं जातां पुन्हां कालव्याकडे वळलें पाहिजे. ब्राउनची नळी म्हणजे कालव्याच्या कांठीं बसून वाहतें पाणी डोळ्यांनीं पाहणें. पाणी गेलें कीं दृश्यहि गेलें. नवें डिजिटल यंत्र म्हणजे ठराविक वेळानें पट्टी वाचून वहींत आंकडे लिहिणारा पाटकरी. तो लहर पाहत नाहीं. लहरीचे नमुने घेतो, आंकड्यांत साठवितो आणि त्या आंकड्यांवरून लहरीचें चित्र पडद्यावर रेखाटतो. यांत मोठा लाभ आहे, कारण एकदांच घडून गेलेली घटना वहींत कायम राहते. अमेरिकेंत वॉल्टर लेक्रॉय यांच्या कंपनीनें १९७१ सालीं वेगवान लहरींचे आंकडे साठविणारें असें उपकरण तयार केलें आणि पुढील दोन दशकांत या रीतीनें जुन्या नळीला हळू हळू मागें सारलें.

लाभाबरोबर एक नवा धोकाहि आला. समजा, वरच्या दारांच्या उघडझांपीमुळें कालव्याचें पाणी दर २४ तासांनीं एकदां चढतें आणि उतरतें. पाटकरी दररोज ठीक एकाच वेळीं आला तर त्याच्या वहींत रोज एकच आंकडा दिसेल आणि पाणी स्थिर आहे असा समज होईल. तो दर २५ तासांनीं आला तर वहींत पाणी २५ दिवसांत सावकाश चढून उतरल्याचें दिसेल. आणि अशी लाट तर कालव्यांत कधीं नव्हतीच! आंकडे सगळे खरे, पण चित्र खोटें. हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं आणि क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं या प्रश्नाचा गणिती पाया घातला. त्याचें सार असें कीं, लहरीच्या प्रत्येक हेलकाव्यांत दोनांहून अधिक नमुने घेतले नाहींत तर चित्रावर विश्वास ठेवतां येत नाहीं. म्हणून नव्या यंत्राचा पहिला दोष पुष्कळदां दोष नसतोच. वापरणाऱ्यानें काळाचें बटण चुकीच्या जागीं ठेवलेलें असतें. पडद्यावर अनपेक्षित संथ लहर दिसली तर प्रथम बटण फिरवून नमुन्यांचा वेग वाढवून पाहावा. लहरीची गति त्याबरोबर बदलली, तर ती लहर विजेची नसून वहीची आहे.

पाटकऱ्याला नियम सांगावे लागतात. डिजिटल यंत्रालाहि आज्ञा द्याव्या लागतात. केव्हां नमुना घ्यावयाचा, कोणत्या बटणाचा अर्थ काय, आंकड्यांचें चित्र कसें काढावयाचें, हें सर्व यंत्राच्या स्मृतींत लिहून ठेवलेलें असतें. या लेखनाला फर्मवेअर म्हणतात. १९६७ सालीं ॲशर ऑप्लर या अमेरिकन लेखकानें हा शब्द योजिला. हातांत धरतां येणारी घडण आणि सहज बदलतां येणारी आज्ञावली यांच्या मधला हा प्रकार आहे असा त्याचा आशय होता. आरंभीं अशा आज्ञा कारखान्यांतच कायमच्या कोरल्या जात. १९७१ सालीं इंटेल कंपनींतील डोव्ह फ्रोमन यांनीं पुसतां येणारी स्मृति तयार केली. तिच्या पाठीवर कांचेची छोटी खिडकी असे. खिडकींतून अतिनील प्रकाश पाडला कीं जुनें लेखन पुसलें जाई आणि नवें लिहितां येई. १९८४ सालीं जपानांत तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश स्मृति जाहीर केली. तिला खिडकी नको, दिवा नको. विजेनेंच लेखन पुसावें आणि विजेनेंच पुन्हां लिहावें.

या एका शोधानें यंत्र आणि त्याचा मालक यांचें नातें बदललें. पूर्वीं यंत्र विकत घेतलें त्या दिवशीं तें पूर्ण झालेलें असे. आतां तें विकल्यानंतरहि सुधारतां येऊं लागलें. कारखान्याला चूक उमगली तर तो नवी आज्ञावली प्रसिद्ध करतो. मालक ती पेन ड्राइव्हवर घेऊन यंत्रांत घालतो आणि यंत्राची वागणूक बदलते. परंतु जें सुधारतां येतें तें बिघडवितांहि येतें, आणि जें लिहितां येतें तें लपवितांहि येतें. २०१० सालीं याचें एक उदाहरण जगभर गाजलें. चीनमधील रिगोल या कंपनीचा ५० मेगाहर्ट्झचा डी. एस. १०५२ ई हा ऑसिलोस्कोप हौशी लोकांत फार लोकप्रिय होता. त्याची घडण तपासतां असें आढळलें कीं, त्याचें सर्किट १०० मेगाहर्ट्झच्या महाग यंत्रासारखेंच आहे. दोहोंत फरक आहे तो आज्ञेचा. संगणकावरून कांहीं आज्ञा पाठवून स्वस्त यंत्राला महाग यंत्राचें नांव दिलें, कीं तें महाग यंत्रासारखें वागूं लागे. कंपनीनें पुढें हा मार्ग बंद केला. कोणाची बाजू न्याय्य, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु मालकाच्या घरीं असलेल्या यंत्राची मर्यादा त्याला न दिसणाऱ्या लेखनांत ठरलेली असते, ही गोष्ट त्या दिवसापासून सर्वांना उमगली.

अगदीं लहान यंत्रांतहि हाच प्रकार दिसतो. जे. वाय. ई. टेक या चिनी कंपनीचा डी. एस. ओ. १३८ नांवाचा सुटा संच विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे. त्याचे भाग स्वतः डाख देऊन जोडावयाचे असतात. तो सेकंदाला १० लाख नमुने घेतो आणि २०० किलोहर्ट्झपर्यंतची लहर दाखवितो. म्हणजे त्याच्या मर्यादेवरील लहरीच्या प्रत्येक हेलकाव्याला पांच नमुने मिळतात. प्रत्येक नमुना १२ बिटांचा, म्हणजे दाबाच्या ४,०९६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसणारा. त्याचा मेंदू एस. टी. एम. ३२ जातीची एक छोटी चीप असून सर्व आज्ञा तिच्यांत असतात. या संचाच्या नकलाहि बाजारांत आल्या, आणि मूळ कारखान्याची नवी आज्ञावली नकली फळीवर चालेलच अशी खात्री देतां येत नाहीं. म्हणून संच हातीं येतांच प्रथम त्याची जात आणि फळीवर छापलेला क्रमांक नोंदवून ठेवणें इष्ट.

आतां समजा, असा संच जोडला, बटण दाबलें, आणि पडद्यावर रेषाच आली नाहीं. किंवा रेषा आली, पण लहर लावूनहि ती सपाटच राहिली. पुष्कळ तरुण अशा वेळीं पहिला उपाय म्हणून नवी आज्ञावली घालावयास धांवतात. पट्टी उपटणाऱ्या माणसाची चूक ती हीच. जुन्या शिक्षकांची रीत आजहि तितकीच खरी आहे : दोष शोधावयाचा तो बाहेरून आंत. पहिली तपासणी विजेच्या पुरवठ्याची. संचाला ९ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्यावरून आंत ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि एक ऋण दाब तयार होतो. व्होल्टमीटरनें हे तीन दाब मोजले कीं निम्मा प्रश्न सुटतो. ऋण दाब नसेल तर रेषा पडद्याबाहेर निघून जाते, आणि दोष असतो एका डाखाचा.

दुसरी तपासणी प्रोबची. बहुतेक ऑसिलोस्कोपवर यंत्र स्वतःच १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर एका टोकाला पुरवितें. प्रोब त्या टोकाला लावावा. चौकोन काटकोनी दिसला तर यंत्र, प्रोब आणि आज्ञावली तिन्ही ठीक आहेत. चौकोनाचे कोपरे गोलावले किंवा शिंगासारखे वर आले, तर प्रोबवरील किंवा फळीवरील छोटा स्क्रू फिरवून ते सरळ करावयाचे असतात. तो बिघाड नव्हे, जुळणी होय. आंकडा दहापट चुकीचा आला तर प्रोबवरील एकपट आणि दहापट यांचें बटण पाहावें. सपाट रेषा आली तर जोडणीचें बटण जमिनीच्या खुणेवर राहिलें नाहीं ना हें पाहावें. लहर धांवत असेल तर ट्रिगरची उंची लहरीच्या आंत आणावी. मोकळ्या प्रोबच्या टोकाला बोट लावलें आणि ५० हर्ट्झची लहर दिसली, तर तिचें भय नको. ती घरांतील तारांची सांवली आहे. या तपासण्यांना अर्धा तास पुरतो, आणि बहुतेक तक्रारी येथेंच संपतात.

येथें एक गंभीर इशारा दिला पाहिजे, कारण त्याचा संबंध प्राणाशीं आहे. मळ्यांतील पंपाच्या स्टार्टरमध्यें तीन फेजांची ४१५ व्होल्ट वीज असते. वर सांगितलेल्या छोट्या संचाची मर्यादा साध्या प्रोबनें ५० व्होल्टांची आहे. शिवाय मोठ्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी चिमटी यंत्राच्या सांगाड्याला आणि तेथून जमिनीला जोडलेली असते. ती जिवंत तारेला लागली कीं ठिणगी उडालीच. छोट्या, बॅटरीवरील यंत्रांत तीच चिमटी जिवंत तारेला लागली तर सारें यंत्रच जिवंत होतें. म्हणून हौशी माणसानें स्टार्टर, मीटर किंवा घरांतील सॉकेट यांना हें यंत्र कदापि लावूं नये. नवी आज्ञावली कितीहि चांगली असली तरी ती हा धोका टाळूं शकत नाहीं. घडणीची मर्यादा ती घडणीचीच.

एवढें सर्व तपासूनहि दोष उरला, बटणाचा अर्थ चुकतो आहे, मापन एका विशिष्ट ठेवणींतच खोटें येतें आहे, यंत्र मध्येंच गोठतें आहे, असें दिसलें, तरच लेखनाकडे वळावें. त्यालाहि क्रम आहे. यंत्राच्या पडद्यावर सध्यांच्या आज्ञावलीचा क्रमांक पाहून लिहून ठेवावा. कारखान्यानें नव्या आज्ञावलीसोबत दिलेलें टिपण वाचावें. आपल्या यंत्रांतील दोष तिनें दूर केला आहे असें त्यांत नसेल तर ती घालण्याचें कारण नाहीं. आपली फळी त्याच जातीची आहे कीं नाहीं हें पाहावें. जुनी आज्ञावली मिळत असेल तर तिची प्रत जपून ठेवावी. मोठ्या यंत्रांत नवी आज्ञावली बहुधा पेन ड्राइव्हवरून जाते. वरच्या छोट्या संचांत फळीवरील ठराविक जागा तात्पुरत्या जोडून संगणकाच्या तारेनें ती लिहावी लागते आणि काम झाल्यावर ती जोड काढावी लागते. जोड काढावयाचा विसर पडला तर यंत्र सुरूच होत नाहीं, आणि तें मेलें असें मानून कित्येकजण तें कपाटांत ठेवून देतात.

या कामांतील सर्वांत नाजूक क्षण म्हणजे जुनें लेखन पुसलें गेलें आहे आणि नवें अजून पुरें लिहिलें गेलें नाहीं, तो मधला काळ. त्या वेळीं वीज गेली तर यंत्राच्या डोक्यांत अर्धी आज्ञा राहते. जेथें वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसतो, अशा गांवांत हा धोका पुस्तकी नव्हे. अशा वेळीं भरलेल्या बॅटरीवरचा लॅपटॉप आणि यंत्राला बॅटरीचा पुरवठा, एवढी तजवीज आधीं करावी. सुदैवानें एस. टी. एम. ३२ जातीच्या चीपमध्यें लेखन स्वीकारणारी एक छोटी आज्ञावली कारखान्यांतच कायमची कोरलेली असते. ती पुसली जात नाहीं, म्हणून अर्ध्यावर अडलेला संच पुन्हां जागा करतां येतो. प्रत्येक यंत्राला मात्र हें भाग्य असेलच असें नाहीं. काम झाल्यावर मोठें यंत्र सुमारें अर्धा तास चालू ठेवून मग त्याची स्वयंजुळणी करावी, आणि शेवटीं पुन्हां त्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनाकडे यावें. चौकोन काटकोनी दिसला म्हणजे काम पुरें झालें.

लेखन बदलल्यानें जुन्या घडणीला नवें आयुष्य मिळतें याचें भव्य उदाहरण पुणें जिल्ह्यांतच आहे. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे. आकाशांतून येणाऱ्या लहरींचे आंकडे करणें आणि त्यांतून चित्र काढणें, हेंच तिचेंहि काम. गेल्या दशकांत तिच्या तबकड्या त्याच ठेवून ग्राहकयंत्रें आणि आंकडे हाताळणारी व्यवस्था नवी करण्यांत आली, आणि एका वेळीं ऐकूं येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. खोडदच्या दुर्बिणींत जें मोठ्या प्रमाणावर तेंच बारामतीच्या टेबलावर लहान प्रमाणावर; फरक एवढाच कीं खोडदला नकाशा आणि आज्ञा दोन्ही वापरणाऱ्यांच्या हातीं आहेत.

तीं दोन्ही सामान्य माणसाच्या हातीं असावींत, हा विचारहि या जिल्ह्याला नवा नाहीं. शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यांतील मुलांनीं हातानें काम करीत विज्ञान शिकावें, हें त्यांचें ध्येय. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रेरणेनें निघालेल्या फॅब लॅब या कार्यशाळांपैकीं अगदीं पहिल्या कार्यशाळांत पाबळची गणना होते. ती २००२ च्या सुमारास सुरू झाली. उपकरण विकत घेऊन वापरणें हें पुरेसें नाहीं, तें उघडतां, समजतां आणि सुधारतां आलें पाहिजे, ही तेथील शिकवण. दुरुस्तीच्या हक्काविषयीं केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं समिति नेमली आणि तिच्या विचारांत शेतीचीं अवजारेंहि घेतलीं. ज्या दोन तालुक्यांचें जीवन पंपावर आणि त्यांच्या नियंत्रकांवर चालतें, त्यांना हा प्रश्न परका नाहीं.

ऑसिलोस्कोपच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचें तात्पर्य एवढेंच दिसतें. ब्राउनच्या नळीनें माणसाला विजेची लहर दाखविली. ट्रिगरनें ती स्थिर केली. आंकड्यांनीं ती साठविली. आणि फ्लॅश स्मृतीनें यंत्राचे नियम बदलण्याची किल्ली मालकाच्या हातीं दिली, किंवा कधीं कधीं त्याच्या हातांतून काढूनहि घेतली. ही किल्ली वापरावयास चातुर्यापेक्षां धीर अधिक लागतो. आधीं पाणी पाहावें, मग पट्टी पाहावी, आणि सर्वांच्या शेवटीं वहीच्या रीतीला हात लावावा. एवढी शिस्त ज्या मुलाच्या अंगीं बाणली, त्याचा साधा संच उत्तम मोजमाप देतो. आणि ज्याच्या अंगीं ती नाहीं, त्याला लाखाचें यंत्रहि खोटें सांगत राहतें. नीरेच्या कालव्यावर पाण्याच्या वाट्यासाठीं भांडत भांडत दोन तालुके जें पिढ्यानुपिढ्या शिकले, तेंच त्यांच्या नातवंडांना आतां विजेच्या लहरीपुढें बसून शिकावयाचें आहे.